सुवर्णमध्य : पण कोणाच्या खर्चाने?

वाशिमच्या माळरानावरून एका वक्तृत्वविषयाची तपासणी

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याची वेळ शिक्षकांवर वरचेवर येते. 'पर्यावरण की रोजगार?' किंवा 'विकास आणि पर्यावरण' हा विषय तेथे हमखास असतो. पहिला स्पर्धक कारखान्यांच्या बाजूने बोलतो, दुसरा झाडांच्या बाजूने. मग एखादी हुशार मुलगी उठते, दोन्ही बाजू मांडते आणि शेवटी म्हणते, "म्हणून विकास आणि पर्यावरण यांचा सुवर्णमध्य साधला पाहिजे." टाळ्या पडतात आणि पहिला क्रमांक बहुधा तिलाच जातो. आम्हीही तो दिला आहे.

हे वाक्य चुकीचे नाही. त्यात कोणावर आगपाखड नाही, अतिरेक नाही. वर्गात ऐकायलाही ते बरे वाटते. आमची तक्रार निराळी आहे. हे वाक्य कोठेही लावले तरी बसते. धरणाला बसते, खाणीला बसते, महामार्गाला बसते. जे वाक्य प्रत्येक ठिकाणी सारखेच खरे ठरते, ते कोणत्याही एका ठिकाणाविषयी काहीच सांगत नाही. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की विधान तपासता आले पाहिजे. मग हेच विधान तपासण्यापासून का सुटावे? ते तपासण्यासाठी आम्ही वाशिम जिल्हा निवडला आहे. येथे मोठे कारखाने नाहीत की घनदाट अरण्ये नाहीत, आणि म्हणूनच तो तपासणीला सोयीचा आहे.

तराजूचे चित्र

सुवर्णमध्याच्या कल्पनेमागे एक तराजू असतो. एका पारड्यात पर्यावरण, दुसऱ्यात रोजगार. एक वर गेले की दुसरे खाली येणार, हे ठरलेलेच. तराजू धरणारा कोणी निःपक्षपाती माणूस मध्ये उभा आहे, असेही आपण मनात धरतो.

या चित्रात तीन गृहीतके दडलेली आहेत. पर्यावरण ही एकच वस्तू आहे, हे पहिले. रोजगार हीही एकच वस्तू आहे, मग तो ट्रॅक्टरमालकाचा असो वा शेळ्या राखणाऱ्या बाईचा, हे दुसरे. आणि एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची हानीच, हे तिसरे. ही तिन्ही गृहीतके वाशिमच्या माळरानावर नेऊन पाहू.

'पडीक' म्हणजे काय?

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम हा सहा तालुक्यांचा जिल्हा आहे : वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. नदीनाल्यांच्या काठी काळी जमीन आणि वर बेसाल्टच्या पठारावर मुरमाचा पातळ थर, अशी येथील बऱ्याच भागाची रचना आहे. काळ्या जमिनीत आज खरिपाला मुख्यतः सोयाबीन व तूर दिसते. मुरमाड पठारांवर मात्र माती थोडी, पाऊस चार महिन्यांचा आणि उन्हाळा कडक. अशा ठिकाणी दाट जंगल सहसा वाढत नाही, गवत वाढते. हे गवत म्हणजे जंगल तुटल्यावर उरलेला चोथा नव्हे. ती स्वतंत्र परिसंस्था आहे.

डबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारताच्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रमुख प्रकार मांडले. द्वीपकल्पाच्या पठारावरचा प्रकार त्यांनी दोन गवतांच्या नावांनी ओळखला : सेहिमा आणि डायकँथियम. आपल्याकडे पवन्या व शेडा ही सेहिमा गटातील गवते आणि मारवेल हे डायकँथियम गटातील. गुराख्याला ही नावे पाठ असतात, कारण ही गवते गुरांना आवडतात.

ही बहुवर्षायू गवते आहेत. त्यांचे वाढीचे डोळे जमिनीलगत असतात आणि अन्नाचा साठा मुळांत असतो. गुराने वरचे पाते खाल्ले तरी गवत मरत नाही, पुन्हा फुटते. पण साठा भरून येण्याआधीच ते पुन्हापुन्हा खाल्ले गेले, तर मुळे खंगतात. मग पवन्या-मारवेल मागे पडतात आणि त्यांच्या जागी कुसळी येते. चराईचा भार आणखी वाढला की गुरे ज्याला तोंड लावत नाहीत असा तरोटा माजतो. उलट, गवत वर्षानुवर्षे कोणी कापलेच नाही आणि चरलेच नाही, तर वाळलेल्या पात्यांचा थर साचतो, नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही आणि वणव्याला आयते इंधन तयार होते. थोडक्यात, गवताळ माळ जगतो तो मध्यम वापरावर. माणूस व गुरे त्यातून सरसकट बाहेर काढली तर तो टिकेलच, असे नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

आता सरकारी दप्तरात पाहू. राष्ट्रीय पातळीवर प्रसिद्ध होणाऱ्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात निकृष्ट कुरणे व चराईच्या जमिनी 'पडीक' या सदराखाली मोजल्या जातात. वऱ्हाडात गावच्या चराईच्या सरकारी जमिनीला 'ई-क्लास' म्हणतात. गावात कोणालाही विचारा. ई-क्लास म्हणजे रिकामी जागा, असेच उत्तर मिळेल. एकदा एखादी जागा रिकामी ठरली की ती भरण्याचा मोह होतो. शाळेच्या वृक्षदिंडीतही आपण 'उजाड माळ हिरवा करू या' अशा घोषणा देतो. राज्यात २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. अशा मोहिमांत लावण्यासाठी मोकळी जागा शोधली जाते आणि मोकळी जागा म्हणजे पुष्कळदा माळच असतो. सोलापूरकडे माळढोकाच्या गवताळ अधिवासातही एके काळी गिरिपुष्पाची लागवड झाली होती. ज्या पक्ष्याला चहूकडे मोकळी नजर लागते, त्याच्या घरात आपण झाडांची भिंत उभारली आणि त्याला पर्यावरणरक्षण म्हटले.

म्हणजे पहिले गृहीतक येथेच गळाले. 'पर्यावरण' एकच नाही. झाड हे पर्यावरण आहे, तसे गवतही आहे. आणि चुकीच्या जागी लावलेले झाड गवताचा नाश करू शकते.

ज्यांचा रोजगारच गुन्हा ठरला

या माळरानावर जगणाऱ्यांपैकी एक समाज म्हणजे फासेपारधी. तितर, लावे, ससे, हरणे फाशात धरायची, जवळच्या गावात विकायची, उरलेले खायचे, हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. फासा लावायचा तर पक्षी कोणत्या वाटेने चालतो, कोठे पाणी पितो, कोणत्या महिन्यात अंड्यावर बसतो, हे सारे ठाऊक असावे लागते. या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही, पण पक्षिशास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्याला त्याचा हेवा वाटावा. गाभण मादी व पिले सोडून देण्याचे दंडकही पारध्यांत सांगितले जातात.

ब्रिटिश अमदानीत १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी देशभरच्या अनेक भटक्या समाजांना, पारध्यांतील गटांनाही, जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. मूळ कायद्यात परवाना घेऊन काही शिकार करण्याची व सापळे लावण्याचीही सोय होती. पण परवाना मिळवायला पत्ता, अर्ज आणि कचेरीत उभे राहण्याची पत लागते. ज्यांच्यावर आधीच शिक्का होता त्यांना ती सोय किती उपयोगी पडणार? १९९१ च्या दुरुस्तीने परवाने बंद झाले आणि शिकार जवळजवळ पूर्णपणे निषिद्ध झाली.

हा कायदा नको होता, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. काळविटाची जी दशा साठ-सत्तरच्या दशकांपर्यंत झाली होती, ती पाहता कठोर कायदा आवश्यकच होता. आमचा आक्षेप वेगळा आहे. एका समाजाचा सारा रोजगार एका कायद्याने गुन्हा ठरतो, तेव्हा त्या समाजाला त्या बदल्यात काय मिळणार, हे त्याच कायद्यात कोठे तरी लिहिलेले असायला हवे होते. ते नव्हते. कारखाना बंद झाला तर कामगाराला भरपाई देण्याची तरतूद तरी असते. फासा बंद झाला तेव्हा पारध्याला कोणी भरपाई दिली नाही, कारण त्याच्या कामाला आपण रोजगार मानलेच नव्हते.

दुसरे गृहीतक येथे पडले. काही रोजगार तराजूत ठेवले जातात, काही पारड्यापर्यंत पोचतच नाहीत. बंजारा समाजाचा इतिहासही हेच सांगतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्यांचे मोठे श्रद्धास्थान. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर वाहून नेणे हे त्यांचे काम होते. ते रेल्वे व सडकांनी संपवले. त्या वेळी कोणी 'विकास की रोजगार?' अशी स्पर्धा ठेवली नाही. रोजगार बुडाला म्हणून आपण पर्यावरणाला जेवढे दोषी धरतो, तेवढे यंत्राला, रस्त्याला आणि बाजाराला धरत नाही.

गवत गेले कोठे?

पारध्याचा फासा थांबला तरी माळ वाचला काय? याचे उत्तर तणमोर देतो. कोंबडीपेक्षा लहान असा हा पक्षी माळढोकाच्या कुळातला. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत नर उंच गवतातून पुन्हापुन्हा हवेत उडी घेतो. मादीला दिसावे म्हणून घेतलेली ही उडी शिकाऱ्यालाही त्याचा ठिकाणा सांगत असे. अकोला-वाशिम भागातील माळरानांवर आणि लगतच्या शेतांत तो आढळल्याच्या नोंदी आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या पाहणीनुसार २००० सालच्या सुमारास देशात अंदाजे ३,५०० तणमोर होते. २०१८ पर्यंत ते ७०० पेक्षा कमी उरले. २०२१ पासून तो जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे.

कालक्रम लक्षात घ्यावा. शिकारीवरची बंदी पूर्ण कडक झाल्यानंतरच्या काळातली ही घट आहे. तेव्हा केवळ फाशाला दोष देऊन भागत नाही. माळ नांगराखाली गेले, सोयाबीनचा पेरा वाढला, तणनाशके व कीटकनाशके आली आणि गवताबरोबर किडेही कमी झाले. चराईचा भार उरलेल्या तुकड्यांवर पडला, काही भागांवर झाडे लावली गेली आणि काहींवरून रस्ते गेले.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ कि.मी. लांबीचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा २०२५ साली खुला झाला. वाशिम जिल्ह्यात तो कारंजा-सोहोळ व काटेपूर्णा या अभयारण्यांच्या क्षेत्रातून जातो. प्राण्यांना ओलांडता यावे म्हणून त्याखालून व त्यावरून मार्ग बांधले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण दोन निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. महामार्गाच्या बाबतीत रस्ता व्हावा आणि प्राण्यालाही वाट मिळावी, म्हणून शास्त्रज्ञ बसले, आराखडे झाले, पैसा खर्च झाला. फाशाच्या बाबतीत केवळ 'बंद' एवढाच शब्द होता. मोठ्या वापराला सुवर्णमध्य मिळाला, लहान वापराला बंदी मिळाली. तराजू धरणारा निःपक्षपाती नव्हता, एवढाच याचा अर्थ.

'हात लावू नका' या रक्षणाचे दोन दाखले

संरक्षणवाद्यांच्या बाजूनेही काही हिशेब चुकले आहेत. ते सांगितल्याशिवाय ही तपासणी एकांगी होईल.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे दगावली. म्हशी गेल्या की पक्ष्यांचे भले होईल, अशी नामवंत पक्षितज्ज्ञांचीही तेव्हा समजूत होती. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दशकभराच्या अभ्यासातून उलटेच दिसले. म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या, ते माजले. उघडे पाणी कमी झाले आणि त्यावर अवलंबून असलेल्या पाणपक्ष्यांची अडचण झाली. गोळी सुटली ती एका न तपासलेल्या गृहीतकावर. आपल्याच संस्थेचा अंदाज चुकला हे त्या संस्थेने अभ्यासाअंती मांडले, ही विज्ञानाची थोरवी. पण ज्यांची माणसे गेली त्यांना त्याचा काय उपयोग?

दुसरा दाखला घरचाच. सोलापूर व नगर भागात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्रफळ ८,४९६ चौ.कि.मी.; म्हणजे त्यात शेते, गावे, बाजारपेठा सारेच आले. एवढ्या मोठ्या क्षेत्रात पक्ष्याचे रक्षण प्रत्यक्षात कोण करणार, हे कळत नव्हते. निर्बंधांची टांगती तलवार मात्र लोकांना रोज दिसत होती. माळढोक म्हणजे जमिनीवरची आफत, अशी भावना शेतकऱ्यांत रुजली. अखेर २०१२ साली हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौ.कि.मी. करण्यात आले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. यामागे ऊस, सिंचन, वीजवाहिन्या अशी इतर कारणेही आहेत. अभयारण्याने पक्षी मारला, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. परंतु ज्यांच्या शेजारी पक्षी राहतो त्यांना शत्रू करून त्याला वाचवता येत नाही, एवढे या तीन दशकांनी दाखवले.

शेतकऱ्याचे रान

वाशिममध्ये कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र १८.३२ चौ.कि.मी. आहे. काळवीट हद्दीचे दगड वाचत नाहीत. ते शेजारच्या शेतात जातात. रोही जातात, रानडुकरे जातात. कोवळे सोयाबीन, हरभऱ्याचे घाटे हे त्यांना माळावरच्या वाळक्या गवतापेक्षा गोड लागणारच.

येथे तिसऱ्या गृहीतकाची कसोटी आहे. माळ व पारधी यांच्या बाबतीत दोघांचेही हित एका दिशेने होते आणि दोघांचीही हानी एकदमच झाली. कोरडवाहू शेतकरी आणि काळवीट यांच्या बाबतीत मात्र हितसंबंध खरोखरच विरुद्ध आहेत. हे झाकून 'निसर्ग आणि माणूस एकच' असे गोड बोलणे, हेही सुवर्णमध्याइतकेच पोकळ आहे.

राज्यात पीकहानीची भरपाई मिळते. तिच्यासाठी अर्ज, पंचनामा, सातबारा असे सारे लागते. जो मक्त्याने शेत कसतो त्याचे नाव सातबारावर नसते. शिवाय पंचनाम्यात मोडलेले पीक मोजले जाते. थंडीत माचाणावर काढलेल्या जागलीच्या रात्री, त्या जागरणाने बुडालेली दुसऱ्या दिवसाची मजुरी, आणि 'येथे हरभरा पेरायचाच नाही' म्हणून सोडून दिलेले उत्पन्न, यांचा रकाना त्यात नाही. काळवीट पाहून आनंद आपल्याला होतो. अभयारण्याचा लौकिक राज्याला मिळतो. त्याचा चारा मात्र पाच एकरांचा धनी पुरवतो. हा कर कोणी ठरवला? असा प्रश्न शेतकऱ्याने केला तर त्याला पर्यावरणविरोधी म्हणणे अन्यायाचे आहे.

ई-क्लासवरील अतिक्रमणाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, तो तत्त्वतः योग्यच वाटतो. पण गायरान नांगरणारे सगळे एकाच पायरीवर उभे नाहीत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते ज्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता अशांसाठी. दोन एकर पडीक कसून पोट भरणारे भूमिहीन कुटुंब आणि स्वतःच्या वीस एकरांना लागून असलेला माळ गिळणारा मालक, या दोघांना 'अतिक्रमक' या एकाच शब्दात बसवले की तराजू पुन्हा खोटा होतो.

मग करता येते काय?

कारंजा येथील 'संवेदना' ही संस्था आणि तिचे कौस्तुभ पांढरीपांडे यांनी अकोला-वाशिम भागातील फासेपारधी कुटुंबांबरोबर माळरान राखण्याचे काम केले आहे. त्यामागचा विचार साधा आहे : ज्यांना माळ सर्वांत चांगला कळतो, त्यांच्याकडेच तो राखण्याची जबाबदारी आणि हक्क असावेत. चराई, वणवा व शिकार यांविषयीचे नियम समाजाने आपल्या बैठकीत ठरवायचे, तणमोरासारख्या पक्ष्यांवर नजर ठेवायची, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्कांची मागणी करायची, अशी त्याची दिशा आहे. ज्या डोळ्यांनी पूर्वी फाशाची जागा हेरली, तेच डोळे आता घरटे हेरतात.

या कायद्याचा विदर्भातील गाजलेला दाखला म्हणजे गडचिरोलीचे मेंढा-लेखा. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगल राखणे आणि त्यातून मिळकत करणे या तेथे दोन गोष्टी राहिल्या नाहीत.

परंतु मेंढ्याचा कित्ता वाशिममध्ये जसाच्या तसा गिरवता येणार नाही, आणि याविषयी मुलांशी स्पष्ट बोलावे. पहिली अडचण मालाची. बांबूला बाजार आहे. गवताला आहे तो थोडा, तोही हंगामी. दुसरी अडचण कायद्याची. वनहक्क कायदा वनजमिनीला लागू होतो. ई-क्लास ही महसुलाची जमीन. एकाच माळाचा अर्धा तुकडा वनखात्याचा व अर्धा महसुलाचा असेल, तर गवत सलग असले तरी हक्क सलग राहत नाही. तिसरी अडचण विषमतेची. शेकडो वर्षे गावाबाहेर ठेवलेल्या पारध्याचा शब्द ग्रामसभेत किती चालतो, हे गावोगावी निराळे असणार. 'आदिवासी हेच खरे रक्षक' ही घोषणाही न तपासता घेऊ नये. पारधी शिकार बाजारासाठीही करीत. ते देवदूत नव्हेत आणि गुन्हेगारही नव्हेत. हक्क, नियम आणि मिळकत ही तिन्ही हाती आली, तर कोणताही माणूस राखण करू शकतो. एक जरी नसले तर कोणाकडूनही ती अपेक्षा करता येत नाही.

वर्गात काय करावे?

हा विषय स्पर्धांतून काढून टाकावा, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न बदलावा, एवढेच सुचवायचे आहे. 'पर्यावरण की रोजगार?' याऐवजी एखादे ठिकाण नेमून द्यावे आणि चार प्रश्न विचारावेत : कोणते पर्यावरण? कोणाचा रोजगार? तोटा कोण सोसतो? निर्णय कोणी घेतला आणि त्या बैठकीला कोण नव्हते?

याला एका प्रयोगाची जोड देता येईल. सुतळी व चार खुंट्या घेऊन एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौकोन आखावा. पावसाळा संपताना, सप्टेंबरच्या अखेरीस, असे पाच चौकोन रोज चरल्या जाणाऱ्या माळावर आणि पाच चौकोन राखलेल्या जागी घ्यावेत. राखीव कुरण नसेल तर स्मशानभूमी, देवस्थानाचा माळ किंवा शाळेच्या कुंपणाआतली जागा चालेल. प्रत्येक चौकोनात किती जातींची झाडे-गवते आहेत ते मोजावे; नावे येत नसतील तर गावातील गुराख्याला बोलवावे आणि त्या दिवसापुरते त्यालाच गुरुजी म्हणावे. मग गवत कापून, वाळवून, तोलावे. गुरे खातात ते किती आणि कुसळी-तरोटा किती, हे वेगळे काढावे. जमीनमालकाची वा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्यावी आणि सापविंचवाची काळजी घेऊन, बूट घालूनच मुलांना न्यावे.

मोठ्या मुलांनी पुढची पायरी घ्यावी. घरोघरी जाऊन पाच माणसांना एकच प्रश्न विचारावा : 'हा माळ गेला तर तुमचे काय जाईल?' यात गुरे राखणारा असावा, सरपण वेचणारी बाई असावी, लगतचा शेतकरी असावा, भूमिहीन असावा आणि सरपंच असावा. उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. एकाच माळाची पाच उत्तरे येतील आणि ती एकमेकांशी भांडतील. हे भांडण शिक्षकाने मिटवण्याची घाई करू नये.

त्यानंतर स्पर्धा घ्यावी. कदाचित तीच हुशार मुलगी पुन्हा उठेल. या वेळी तिने असे म्हटले, की 'आमच्या गावच्या माळावर दर चौरस मीटरला इतके गवत आहे, त्यावर इतक्या घरांची गुरे जगतात, काळविटाचा खर्च अमुक घरांवर पडतो आणि तो गावाने व सरकारने अशा प्रमाणात वाटून घ्यावा,' तर तिच्या बोलण्याला टाळ्या कदाचित कमी पडतील. श्रोत्यांतील दोन-तीन जण उठून तिच्याशी वादही घालतील. पहिला क्रमांक आम्ही तिलाच देऊ.